लछूची उलटी गाडी

त्या दिवशी आभाळ असं दाटून बसलं होतं की पाऊस पडेना आणि ऊनही येईना. नवरात्र आठ दिवसांवर आलेलं, वाऱ्याचा पत्ता नाही, सदरा पाठीला चिकटलेला. आमचा सिंधी शेजारी हरू पापडाचा धंदा करतो. उल्हासनगरच्या कॅम्प पाचात त्याची भिंत ती आमची भिंत. सकाळपासून त्यानं ओट्यावर खाट टाकून पापड पसरले होते आणि दुपार झाली तरी ते मऊच. दर दहा मिनिटांनी तो आभाळाकडे बघायचा आणि मग माझ्याकडे, जसं काही ऊन मीच झाकून ठेवलंय.

हवेचं एवढं पुराण कशाला, म्हणाल. तर अशा हवेत माणसाची बुद्धीही सुकत नाही हो, तिला बुरशी येते. शहात्तर वर्षांत गाढवपणा पुष्कळ केला, पण त्या दिवशीच्या गाढवपणाला तोड नाही. चहा घ्या, सावकाश सांगतो. मला भरभर सांगता येत नाही. भरभर ऐकताही येत नाही, ते पुढे कळेलच.

मी शाळेत गेलो नाही. अंबरनाथच्या एका कारखान्यात भट्टीवर एकतीस वर्षं काढली. अक्षरओळख झाली ती कामगारांच्या रात्रीच्या वर्गात, तेवढ्यावर हे लिहितोय. सायकलसुद्धा कधी चालवली नव्हती. आणि अशा माणसाला लछूनं मोटरसायकल बनवून दिली.

लछू म्हणजे आमच्या कॅम्पातला मेकॅनिक. सिंधी माणूस, काटकुळा, बोटं कायम काळी. त्याच्या डोक्यात एक किडा होता. साध्या मोटरसायकलला पुढे दोन पाय असतात, त्यात चाक धरलेलं असतं, आणि हँडल फिरवलं की ते पाय फिरतात. लछू म्हणायचा, पाय कशाला फिरवायचे, चाकालाच फिरू द्या की. म्हणून त्यानं पुढचे पायच काढून टाकले. चौकटीतून दोन आडवे हात काढले, ते चाकाला दोन्हीकडून धरायचे, आणि चाक आपल्या पोटातल्या पोटात वळायचं. हँडलपासून चाकापर्यंत एक लांब सळई. बस. अशा गाड्या त्यानं सगळ्या मिळून तीन केल्या. त्यातली एक माझी.

आता त्या सळईत एक गोम होती. चाकाला दोन कान होते, एक पुढे, एक मागे. सळई लावायची एका कानाला, लछूनं लावली दुसऱ्यालाच. त्यामुळे झालं काय, हँडल डावीकडे वळवलं की गाडी उजवीकडे जायची. उजवीकडे वळवलं की डावीकडे.

तुम्ही म्हणाल, मग कळलं नाही का तुम्हाला? कसं कळणार? मी आयुष्यात पहिल्यांदाच दुचाकीवर बसलेलो. मला वाटलं, मोटरसायकल अशीच असते. महिनाभर पडलो, झडलो, शिकलो. चांगला चालवायला लागलो, कारखान्यात जाऊ-येऊ लागलो, आणि मग एकदा लछू मागे बसला आणि गल्लीच्या वळणावर मागूनच ओरडला. उतरून त्यानं सळई बघितली, कपाळावर काळा हात मारला. म्हणाला, "गणपत, रविवारी गाडी घेऊन ये. अर्ध्या तासाचं काम आहे."

मी गेलो नाही. का जाऊ? एवढी हाडं शेकून शिकलो होतो. परत उलटं कोण शिकणार? आणि दुसरं असं की ही गाडी चोरीला जाणं शक्य नव्हतं. एकदा एका चोरानं प्रयत्न केला. सकाळी बघतो तर गाडी नाक्यावरच्या गटारात आडवी, आणि शेजारी त्याची एक चप्पल. ती चप्पल मी महिनाभर दाराला टांगून ठेवली होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचो. लछू प्रत्येक आठवड्याला म्हणायचा, रविवारी ये. मी हसायचो.

मग दत्तू आला.

दत्तू माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. चामटोलीला घर, भाताची थोडी जमीन, सव्वीस वर्षांचा, लग्न ठरलेलं. सकाळची वेळ. मी ओट्यावर आरसा टेकवून दाढी करत होतो, तोंडभर साबण. तो म्हणाला, "भावजी, एक चक्कर मारून येऊ का?"

मी "हूं" म्हटलं.

तोंडात साबण जाईल म्हणून तोंड उघडलं नाही, एवढंच. पहिल्या वळणावर समोरून टेम्पो येत होता. दत्तूला सायकल येत होती, मोटरसायकल येत होती. म्हणजे त्यानं हँडल बरोबर दिशेलाच वळवलं असणार. हरूनं आणि मी त्याला उचलून घरात आणला तेव्हा माझ्या गालावरचा साबण सुकलेला होता.

त्याला सांगायचं राहिलं.

लोक म्हणाले, टेम्पोवाल्याची चूक. कोणी म्हणालं, पोरगा भरधाव गेला. मी कोणालाच काही बोललो नाही. बायकोलाही नाही. ती भावाचा फोटो पुसायची तेव्हा मी उठून बाहेर जायचो. ती गेली तोवर तिला सांगितलं नाही. फक्त लछूला माहीत होतं. दहाव्याला तो येऊन बसला, चहाला हात लावला नाही, तसाच उठून गेला. वर्षभरात गॅरेज बंद करून कुठंतरी मुलाकडे गेला, तिकडेच वारला म्हणून ऐकलं.

गाडी मी विकली नाही. भंगारात घालायचीही भीती. कोणीतरी उचलणार, कोणीतरी बसून बघणार. घरामागे ताडपत्रीखाली ठेवली. दसऱ्याला हार घालायचा, गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन आणायची, परत ताडपत्री. अशी बत्तीस वर्षं गेली.

आता येतो त्या दिवसावर. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं म्हणून मी पंधरा दिवस मुलीकडे होतो. काळा चष्मा लावून घरी आलो, दसरा जवळ आला म्हणून मागे गेलो, तर ताडपत्री घडी करून ठेवलेली. इतकी व्यवस्थित घडी की मला आधी वाटलं, डोळ्याचंच काहीतरी बिघडलं.

मुलाला, विलासला, फोन केला. तो म्हणाला, "बाबा, ते डबडं किती वर्षं सांभाळायचं? भंगारवाल्याला देऊन टाकलं. मामा गेला त्या गाडीवर, घरात ठेवायचीच कशाला?" मी म्हटलं, त्याला सांगितलंस का? विलास म्हणाला, काय सांगायचं?

खरंच की. काय सांगणार तो? त्याला तरी मी कुठं सांगितलं होतं?

हरू ओट्यावर पापड उलटत होता. मी जाऊन त्याच्या खाटेशी बसलो आणि बत्तीस वर्षांत पहिल्यांदा तोंड उघडलं. सळई, कान, रविवार, साबण, सगळं. हरूच्या हातात पापड होता तो तसाच लोंबत राहिला. दत्तूचे पाय त्यानं धरले होते ना उचलताना.  मग म्हणाला, "साईं, अभी जो कोणी त्याच्यावर बसेल तो?"

मी उठलोच. काळा चष्मा, हातात छत्री. दुसरा दत्तू व्हायच्या आत पोचायचं होतं.

विलासनं सांगितलेल्या अंबरनाथच्या भंगारवाल्यानं आधी मला दाद दिली नाही. त्याला वाटलं, काळा चष्मा लावलेला म्हातारा म्हणजे चोरीच्या मालाची चौकशी. मी त्याला सगळी गोष्ट सांगितली तेव्हा तो नरमला. म्हणाला, गाडी माझ्याकडे चार दिवसही टिकली नाही. बदलापूरजवळच्या सोनिवलीहून एक जण आला होता. असल्याच वेड्यावाकड्या गाड्या शोधत फिरतो म्हणे. बाजारात म्हशीचे दात बघतात तशी त्यानं गाडी बघितली, चाकाखाली आडवा पडून, आणि मग टेम्पोत घालून घेऊन गेला. "खूश होता. घरी जाऊन चालवणार म्हणाला."

चालवणार. हा एक शब्द घेऊन मी रिक्षात बसलो. रिक्षावाल्यालाही सगळं सांगितलं, अंबरनाथपासून बदलापूरपर्यंत. आता एकदा तोंड उघडलं होतं ना, ते मिटेचना. त्यानं सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "बाबा, मग ब्रेकबी उलटे होते काय?" मी म्हटलं, नाही रे, ब्रेक सरळ. तो म्हणाला, मग ठीक आहे. त्यात ठीक काय होतं, ते मला अजून कळलेलं नाही.

सोनिवलीला उतरलो. एका बाजूला जुनी घरं, दुसऱ्या बाजूला नव्या इमारती उठतायत, मधे खडीचे ढीग. पत्ता असा नव्हताच, भंगारवाल्यानं "मोटरसायकलवाला विचारा" एवढंच सांगितलेलं. विचारणार कोणाला? पहिल्याच वळणावर बघतो तर एका घरासमोर चपलांचा ढीग. अंगणात माणसं खाली मान घालून बसलेली. आतून बायकांचं रडणं. आणि दाराशी एक मोटरसायकल उभी.

 उशीर झाला होता.

मी आत जाऊन बसलो. काळ्या चष्म्याखालून पाणी यायला लागलं. शेजारी एक पन्नाशीचा माणूस, डोक्याला टॉवेल. त्याचा हात धरला आणि म्हटलं, "माझ्यामुळे झालं हे. मीच मारलं."

त्यानं माझ्याकडे बघितलं. अंगणातल्या सगळ्यांनीच बघितलं. तो म्हणाला, "कोणाला?"

मी म्हटलं, गाडी उलटी होती. सांगायला हवं होतं. हँडल डावीकडे केलं की ती उजवीकडे जायची, कोणाला कळणार? पहिल्या वळणावरच झालं ना?

त्यानं हात सोडवून घेतला नाही. चांगली माणसं होती हो. हळूच म्हणाला, "बाबा, आमची आय गेली. नव्वदीची होती. अंथरुणात गेली, झोपेत. ती कधी गाडीवर बसली नाय."

आता सांगा, काय करावं माणसानं? उठावं तर सगळे बघतायत, बसावं तर कोणाच्या नात्यानं? त्यांनीच मला पाणी दिलं. पलीकडे कोणीतरी पदराआड हसलं, आणि तिला कोणीतरी दटावलं. मोटरसायकलवाला मागच्या गल्लीत राहतो, जिवंत आहे, सकाळीच दूध आणायला आला होता, असं कळलं. मला इतकं हलकं वाटलं की उठता उठता हात जोडले आणि सवयीनं म्हणालो, "बरंय, येतो."

मयताच्या घरातून निघताना "येतो" म्हणतात का कोणी? टॉवेलवाल्यानं डोळे मिटून घेतले. मी छत्री तिथंच विसरून पळालो.

मागच्या गल्लीत पत्र्याची मोठी शेड. बाहेर एक चाळिशीचा माणूस फडक्यानं हात पुसत होता. केदार त्याचं नाव, कुठल्याशा कंपनीत इंजिनिअर. शेडमध्ये चार-पाच गाड्या. एकीला हँडलच नव्हतं, बोटीच्या सुकाणूसारखी आडवी दांडी होती. एक लछूचीच, पुढच्या पायांशिवायची, मी लगेच ओळखली. आणि शेवटी माझी, धुऊन-पुसून उभी केलेली. बत्तीस वर्षांत ती इतकी स्वच्छ मी बघितली नव्हती.

मी म्हटलं, मी गणपत, ती गाडी माझी.

तो एकदम पुढे आला. "गणपत रविवार? तुम्हीच का? अहो, मी तुम्हाला किती शोधतोय!"

मी म्हटलं गणपत खरा, रविवार कोण? पण असल्या गोष्टीला वेळ नव्हता. मी त्याला स्टुलावर बसवलं आणि सांगायला सुरुवात केली. तो म्हणाला, "बाबा, एक मिनिट, त्या गाडीचं मी—" मी हात वर केला. म्हटलं, आधी माझं ऐका, माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे. मी लछूपासून सुरू केलं. सळईपर्यंत आलो तेव्हा तो पुन्हा म्हणाला, "हो, ते मला कळलं, म्हणूनच मी—" मी पुन्हा हात वर केला. सांगितलं ना, मला भरभर सांगता येत नाही, आणि मधे कोणी बोललं की मला पहिल्यापासून सुरू करावं लागतं. दोनदा पहिल्यापासून सुरू केलं. दत्तूपर्यंत आलो तेव्हा मात्र तो गप्प झाला. फडकं हातात पिळत खाली बघत राहिला.

मी म्हटलं, तुमचा विश्वास नाही ना? दाखवतो.

"बाबा, नको. ऐका तरी—"

मी चढलोसुद्धा. बत्तीस दसऱ्यांची सवय. एक लाथ मारली आणि ती सुरू झाली. बाहेर गल्ली सरळ, उजव्या हाताला खडीचा ढीग. मी मान वळवून त्याला ओरडून सांगितलं, आता बघा, मला ढिगापासून लांब, डावीकडे जायचंय, म्हणून मी हँडल उजवीकडे फिरवतो.

आणि फिरवलं.

गाडी उजवीकडे गेली.

मला वाटलं, असं कसं? कमी पडलं असेल. म्हणून आणखी उजवीकडे फिरवलं.

पुढचं सांगायला नको. खडी अंगात कुठंकुठं जाते, ते तीत पडल्याशिवाय कळत नाही. गाडी माझ्या पायावर आडवी, चाक फिरतंय, आणि मी आभाळाकडे बघत विचार करतोय की ही बिघडली कशी? आवाज ऐकून मयताच्या घरची माणसं धावत आली. त्यांनीच उचललं. टॉवेलवाला पुढे होता, माझी छत्री त्याच्या काखेत. मला बघून म्हणाला, "आलात होय?"

दवाखान्यात हाडाचा फोटो काढायला रांग होती. केदार माझ्याशेजारी बाकावर बसला. आता मी बोलण्याच्या अवस्थेत नव्हतो, म्हणून त्याला बोलता आलं. म्हणाला, गाडी आणली त्याच संध्याकाळी दोन फूट ढकलली आणि हँडल उलटं आहे हे कळलं. लगेच सरळ करून टाकलं. तीनदा तुम्हाला सांगायला गेलो, बाबा.

मी विचारलं, किती वेळ लागला?

तो जरा घुटमळला. मग म्हणाला, "अर्धा तास. तेवढाही नाही. एक बोल्ट काढून दुसऱ्या कानात घालायचा होता. त्या कानाला भोक आधीच पाडलेलं होतं. गंजू नये म्हणून ग्रीस भरून वर चिंधी बांधून ठेवलेली. आणि टाकीच्या खाली खिळ्यानं कोरलंय, 'गणपत, रविवार'. मला वाटलं, मालकाचं आडनाव रविवार. आठवडाभर सगळीकडे गणपत रविवार म्हणून विचारत फिरतोय."

 लछूनं भोकसुद्धा पाडून ठेवलं होतं. मला फक्त जायचं होतं.

आतून नाव पुकारलं, केदारनं मला धरून उठवलं. पाय दोन ठिकाणी मोडला होता. ढोपराखालपासून घोट्यापर्यंत पांढरा पलस्तर.

दुसऱ्या दिवशी केदारनं मोटारीत घालून घरी आणून सोडलं. विलास कामाला गेलेला. त्याला काल रात्रीच दवाखान्यात सगळं सांगून झालं होतं. हरू म्हणाला, सकाळी त्यानं मामाचा फोटो भिंतीवरून उतरवून पुसला आणि परत लावला. मला हरूच्या ओट्यावर बसवलं, कारण आमच्या दाराला तीन पायऱ्या. आणि बघा नशीब, ऊन पडलं होतं. लख्ख. हरू पापड पसरत होता. ऐकत ऐकत पसरत होता. मी भंगारवाला सांगितला, रिक्षावाला सांगितला, मयताचं घर सांगितलं, खडी सांगितली. मग ते भोक आणि ती चिंधीही सांगितली.

हरू थांबला. खाटेच्या कडेला माझ्याजवळ बसला. वाटलं, आता खांद्यावर हात ठेवील, बरं काहीतरी बोलेल. त्यानं एक पापड उलटला.

मग म्हणाला, "तेव्हा सांगायचं राहिलं, साईं. काल सगळ्या दुनियेला सांगितलंत, तर ऐकायचं राहिलं. आता तेवढा पाय बाजूला घ्या, पापडावर येतोय."